नात्यातली गाडी

वकिलाने गाडीची मागची काच बोटाने वाजवली आणि आतल्या तरुण बाईला हसत विचारले, की गाडी चालवणारे ते तुमचे सख्खे मामा असतील, तर मामींचे नाव काय? बाईने क्षणभर नवऱ्याकडे पाहिले आणि एक नाव सांगून टाकले. गाडीपासून दहा पावलांवर मामांना तोच प्रश्न वकिलाच्या जोडीदाराने, जाड्याने, विचारला होता. मामांचे लग्न अजून व्हायचे होते. जाड्याने तिथूनच हात वर केला, नाक्यावरचे आठ-दहा ड्रायव्हर हसले, आणि मामा निमूटपणे डिकी उघडून नवरा-बायकोच्या बॅगा खाली काढू लागले.

हा नाका डोंगराच्या पायथ्याशी होता. वर, नऊ किलोमीटरवर, तळे होते, हवा होती, हॉटेले होती, आणि ते सगळे बघायला माणसे लांबून येत. बाहेरची भाड्याची गाडी नाक्यापर्यंत यायची, तिथून पुढे संघटनेची टॅक्सी, तीही नंबराप्रमाणे आणि पत्र्याच्या शेडवर रंगवलेल्या दराने. तो दर वाचून प्रवासी आधी हसत, मग चिडत, मग पाटीचा फोटो काढत आणि शेवटी खिशात हात घालत. वर मुक्कामाला राहणाऱ्याकडूनही परतीचे भाडे घेतले जाई, कारण टॅक्सी रिकामी खाली येते. ती रिकामी येत नसे हा भाग वेगळा. पण अडला हरी. नऊ किलोमीटरचा चढ बॅगा घेऊन पायी कोण चढणार?

सूट फक्त नात्याला होती. आधी तीही नव्हती. पण बारा वर्षांपूर्वी इथल्याच एका ड्रायव्हरच्या सख्ख्या भावाला, तो शहरात भाड्याची गाडी चालवायचा, बायकामुलांसकट नाक्यावर उतरवले गेले. त्यावरून संघटनेत जे रण पेटले ते विझवता विझवता नियम झाला, की गाडीवाल्याच्या गाडीत त्याच्या स्वतःच्या घरची माणसे असतील तर ती नात्यातली गाडी, तिला वर जाऊ द्यायचे. झाले. त्या दिवसापासून जगातले सगळे प्रवासी गाडीवाल्यांचे मेहुणे आणि भाचे होऊ लागले.

तेव्हा कुणीतरी चौकशी करणारा हवा होता, आणि ते काम काच वाजवणाऱ्या या माणसाकडे आले. हाही टॅक्सीच चालवायचा, बावीस वर्षे. कोर्टाची पायरी तो जन्मात चढला नव्हता, पण उलटतपासणी अशी करायचा, की पहिल्याच हंगामात त्याचे नाव वकील पडले आणि खरे नाव फक्त लायसन्सवर उरले. मामी कोण, घरात जिना कुठल्या हाताला, धाकट्या जावेला मुले किती. एकाला इकडे विचारायचे, दुसऱ्याला तिकडे, आणि उत्तरे जुळतात का बघायचे. बायको म्हणायची, दूध आणलं का एवढं विचारायलाही यांना दोन साक्षीदार लागतात. तो हसायचा. त्याच्या लेखी यात अन्याय काही नव्हता. हंगाम चार महिन्यांचा, डोक्यावर टॅक्सीचे हप्ते, आणि बाहेरचे गाडीवाले ताटातले उचलायला टपलेले. शिवाय एक गोष्ट तो अभिमानाने सांगायचा: खरे नाते त्याने आजवर एकदाही अडवले नव्हते.

अकराच्या सुमारास एक पांढरी गाडी आली. नंबरपाटी भाड्याच्या गाडीची, आरशाला शहरातल्या कुठल्याशा ट्रॅव्हल कंपनीचे कार्ड टांगलेले. चालवणारा पन्नाशीचा होता, शर्टाला कडक इस्त्री. मागे एकटीच म्हातारी बाई, अंगावर शाल, आणि काच खाली करून ती नाक्यावरच्या माणसांकडे अशी बघत होती, जणू सगळे तिच्याच घरच्या लग्नाला जमले आहेत.

"आई आहे माझी," तो माणूस म्हणाला.

मग त्याने न विचारता बरेच काही सांगितले. वर पूर्वी छातीच्या रोगाचा दवाखाना होता, आई तिथे सव्वीस वर्षे नर्स होती, त्याचा स्वतःचा जन्मही तिथलाच. दवाखाना बंद होऊन आता तिथे हॉटेल झाले आहे हे त्याला माहीत होते, पण इमारत तीच आहे असे कळले होते. आईला ती एकदा दाखवायची होती. मालकाने मोठ्या मुश्किलीने एका दिवसासाठी गाडी दिली होती, संध्याकाळी परत करायची होती.

वकिलाने सगळे ऐकून घेतले. त्याला ते जरा जास्तच नीट शिवल्यासारखे वाटले. खऱ्या नात्यातला माणूस एवढे सांगत बसत नाही, हा त्याचा अनुभव होता. खऱ्या नात्यातला माणूस चिडतो. माझ्या आईला आई म्हणायला तुझी परवानगी लागते का, असे विचारून अंगावर येतो, आणि तसा तो आला की वकील मुकाट्याने बाजूला होऊन त्याला वाट देतो. हा माणूस चिडत नव्हता. हा अजिजीने बोलत होता.

वकील मागच्या दाराकडे वळला, तसा तो माणूस पटकन आडवा आला.

"मला विचारा ना काय विचारायचं ते. तिला नको. ती थकलीय."

झाले. एवढे एक वाक्य तो बोलला नसता तर वकिलाने कदाचित गाडी सोडलीही असती. बारा वर्षांत ज्यांनी ज्यांनी 'यांना नका विचारू' म्हटले होते, त्यांच्यातला एकही खरा निघाला नव्हता. त्याने जाड्याला खूण केली. जाड्याने त्या माणसाच्या खांद्यावर हात टाकून त्याला बॉनेटपाशी नेले, आणि वकील खिडकीशी वाकला.

"आजी, हा कोण तुमचा?"

आजींनी त्याच्याकडे पाहिले, मग समोरच्या काचेतून बॉनेटपाशी उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिले. तो त्यांच्याकडे बघून हसत होता. त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. वकिलाला घाई नव्हती. गप्प बसले की माणूस आपणहून बोलतो, हे त्याला ठाऊक होते.

"खरं सांगू?" आजींनी हळूच विचारले.

"खरंच सांगा."

"मला नाही माहीत." आणि लगेच, जरा घाबरून, "पण माणूस चांगला आहे हं. त्याला काही बोलू नका."

वकील ताठ उभा राहिला. असे प्रसंग तो साधेपणाने साजरे करणाऱ्यांतला नव्हता. "आजी ओळखत नाही म्हणतात," त्याने सगळ्या नाक्याला ऐकू जाईल असे सांगितले. "ड्रायव्हर आहे हा. नातंबितं काही नाही." आणि मग, हशा पिकला म्हणून, "लोक मामा करतात, मेहुणा करतात. याने थेट आईच केली."

 त्या माणसाचा मोबाइल हातात होता, त्यावर अंगठा दोनदा फिरल्यासारखा वाटला, पण त्याने तो परत खिशात ठेवला. चेहऱ्यावरचे हसू तसेच राहिले होते, फक्त ते कशासाठी आहे हे आता त्याला आठवत नसावे. चोर सापडला की त्याचा आवाज बसतो, वकिलाने मनात म्हटले.

शेडमधून संघटनेचे अध्यक्ष बाहेर आले आणि त्यांनी खोट्या नात्याचा दर सांगितला, म्हणजे दुप्पट. तेही घासाघीस करायच्या तयारीने सांगितले, कारण दुप्पट कुणी देत नसे; दीडपटीवर मिटायचे. त्या माणसाने पाकीट काढले आणि मागितले तेवढे दिले. अध्यक्षांनाच थोडे चुकल्यासारखे झाले. नोटा हातात धरून ते म्हणाले, की ठीक आहे, पुन्हा असे करू नका.

"मला त्यांच्याबरोबर जाता येईल का?" त्या माणसाने विचारले.

बाहेरच्या ड्रायव्हरने आपली गाडी सोडून वर जायचे नाही, हाही नियमच होता. पण नंबर वकिलाचाच होता, आणि जिंकलेल्या माणसाला उदार व्हायला काही पडत नाही. येऊ दे, तो म्हणाला, म्हातारे माणूस आहे, चढउताराला आधार होईल. त्या माणसाने आजींना हात धरून एका गाडीतून दुसऱ्या गाडीत बसवले, एक कापडी पिशवी त्यांच्या पायाशी ठेवली, आणि तो मागे बसू लागला तेव्हा वकिलाने त्याला पुढे बसायला सांगितले.

पहिली दोन-तीन वळणे गेली. मग वकिलालाच राहवेना. त्याच्या मनात राग नव्हता, उलट धंद्यातला जाणता माणूस नवख्याला चार गोष्टी सांगतो तसे त्याला सांगायचे होते.

"मावशी म्हणायचं, आत्या म्हणायचं," तो म्हणाला. "पोटासाठी खोटं सगळेच बोलतात, मी पण बोलतो. पण आई म्हणू नये रे. काही गोष्टी सोडाव्यात माणसाने."

तो माणूस खिडकीबाहेर बघत होता. त्याने मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळले नाही. मागे आजी मजेत होत्या. दरी दिसली की आई गं म्हणायच्या, समोरून बस आली की दोन्ही हातांनी सीट धरायच्या. वकिलाला त्यांनी विचारले, की तुम्ही रोज एवढ्यांदा वर-खाली करता, तुम्हाला गरगरत नाही? त्याने सांगितले, की मला नाही गरगरत, पण गिऱ्हाइकांना गरगरते, म्हणून मी सीटच्या खिशात पिशव्या ठेवतो. हे ऐकून आजी फार हसल्या.

सहाव्या वळणावर त्या हसायच्या थांबल्या. वकिलाने आरशात पाहिले, तर त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि ओठ घट्ट मिटले होते. घाटातल्या ड्रायव्हरला ही खूण कळते. पिशवी घ्या, पिशवी, तो म्हणाला आणि गाडी कडेला घ्यायला जागा शोधू लागला. पण त्याचे बोलणे पुरे व्हायच्या आत शेजारचा माणूस उलटा वळून सीटवर गुडघ्यांवर उभा होता, आणि त्याने दोन्ही हातांची ओंजळ आजींच्या हनुवटीखाली धरली होती.

आजींना ओकारी झाली. सगळी त्या ओंजळीत झाली.

"झालं, झालं," तो म्हणत होता. "काही नाही. अजून आहे? येऊ दे."

वकिलाने गाडी थांबवली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो तसाच बसून राहिला. बावीस वर्षांत या घाटात त्याच्या गाडीत किती माणसे ओकली असतील, गणती नव्हती. गाडी थांबवून लांब जाऊन उभे राहायचे, तोंड फिरवायचे, आणि नंतर सीट धुण्याचे पैसे मागायचे, ही रीत. पिशवी पुढे करणारे ड्रायव्हर त्याने पाहिले होते. ओंजळ पुढे करणारा ड्रायव्हर त्याने पाहिला नव्हता. परक्यासाठी तसे करता येत नाही. करायचे ठरवले तरी हात असे आपोआप पुढे जात नाहीत. हे ओळखायला कुणाला मामींचे नाव विचारावे लागत नाही.



रस्त्याच्या कडेला पाण्याची टाकी होती. तो माणूस हात धुऊन आला, कापडी पिशवीतून ओला रुमाल, कोरडा रुमाल, बाटली, एक जास्तीचा स्वेटर असे एकामागून एक काढत गेला. पिशवीत न बघता त्याच्या हाताला हवी ती वस्तू लागत होती. त्याने आजींचे तोंड पुसले, शाल घडी करून ठेवली, केसांच्या बटा कानामागे सारल्या. आजी लहान मुलासारखी हनुवटी वर करून बसल्या होत्या. मग त्यांनी डोळे मिटले, आणि तो गाडीबाहेर येऊन दगडी कठड्याला टेकून उभा राहिला. वकील त्याच्याजवळ गेला.

"आई आहेत ना तुमच्या?"

"हो."

"मग तेव्हा बोलला का नाहीत? फोटो असेल मोबाइलमध्ये. शंभर असतील."

"आहेत की." तो खाली दरीकडे बघत होता. "काय करू दाखवून? तुम्हाला पटलं असतं. तुम्हाला पटवून मी काय करू?"

वकील गप्प राहिला. या वेळी तो समोरचा बोलावा म्हणून गप्प राहिला नव्हता. पण तो माणूस बोलला.

"तीन वर्षं झाली. विसरते, हे माहीत आहे. सकाळी जेवली ते दुपारी आठवत नाही, आणि एखादी गोष्ट धरली की महिनाभर सोडत नाही. पण मला 'अरे' म्हणते. अरे, पाणी दे. अरे, आलास का. म्हणजे ओळखते, असं मी धरून चाललो होतो. डॉक्टर एकदा तिला विचारायला लागले, हा कोण म्हणून, तर मी त्यांना हात जोडले. म्हटलं नका विचारू. विचारलं की उत्तर येणार. घरी बायकोला सांगून ठेवलंय, मुलांना सांगून ठेवलंय, आजीला असलं काही विचारायचं नाही." त्याने ओला रुमाल पिळला. "तीन वर्षं कुणी विचारलं नाही. आज तुम्ही विचारलंत."

वकिलाला माफी मागायची होती.  त्याने आपल्या खिशातून तेवढ्याच नोटा काढून पुढे केल्या, हे परत घ्या म्हणाला. त्या माणसाने त्याचा हात हळूच बाजूला केला. राहू द्या, तो म्हणाला, तिला वर नेणं महत्त्वाचं. एखादे वेळी जागा बघून काही आठवेल. नुसतं दवाखान्याचं नाव काढलं तरी तिचा चेहरा बदलतो. तेवढ्यासाठीच तर आणलंय.

उरलेली वळणे वकिलाने अशी घेतली, की ग्लासातले पाणी हलू नये. त्या माणसाला आता त्याने मागे बसवले होते.

हॉटेल म्हणजे खरेच जुना दवाखाना होता. रंग नवा होता, दारात कारंजे बसवले होते, पण लांबच लांब व्हरांडा आणि रुंद पायऱ्या तशाच होत्या. आजी गाडीतून उतरल्या आणि पायऱ्यांकडे बघून थबकल्या. मग कुणाचा हात न धरता, ठरावीक पायरीवर ठरावीक पाय टाकत, तरातरा वर गेल्या. व्हरांड्याच्या टोकाशी उभ्या राहून त्यांनी सांगितले, की इकडे पुरुषांचा वॉर्ड, तिकडे बायकांचा, आणि जिन्याखाली औषधांचे कपाट, त्याची किल्ली मोठ्या सिस्टरच्या कमरेला. पलंगांची डोकी भिंतीकडे नसायची, दरीकडे असायची, म्हणजे पेशंटला पहाटेची हवा मिळायची. हॉटेलचा मॅनेजर कौतुकाने बघत राहिला. जिन्याखाली आता चपलांचे कपाट होते.

त्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तो त्यांच्या मागे मागे फिरत होता, हो का, आणि इथे काय होतं, असे विचारत होता, आणि प्रत्येक उत्तराला वकिलाकडे बघत होता, जणू आता वकीलच त्याचा साक्षीदार होता. वकीलही मान डोलवत होता. काहीही करून आजींना आपला मुलगा आठवावा, असे त्याला मनापासून वाटत होते. त्याने घरच्या कुणासाठीही इतक्यात असे काही मागितले नव्हते.

दमल्यावर आजींना व्हरांड्यातल्या लांब बाकावर बसवले, आणि तो माणूस चहा सांगायला आत गेला. वकील बाकाच्या टोकाशी टेकला.

"बरं झालं तुम्ही विचारलंत," आजी म्हणाल्या.

"काय विचारलं?"

"मघाशी. खाली." त्यांनी आत बघून आवाज खाली आणला. "किती दिवस माझ्या मनात होतं. घरात असतो, जेवायला वाढतो, पांघरूण घालतो. केससुद्धा विंचरतो. आता अशा माणसाला, तू कोण, म्हणून कसं विचारायचं? वाईट वाटेल ना त्याला. म्हणून मी आपली अरे-तुरे करून वेळ मारून न्यायचे." त्या हसल्या. त्यांचा चेहरा खरोखर हलका झाला होता. "आज उलगडा झाला. ड्रायव्हर आहे तो."



"आजी, तो तुमचा मुलगा आहे."

"नाही हो. माझा मुलगा एवढासा आहे." त्यांनी बाकाच्या उंचीला हात धरला. "ड्यूटी संपली की जाणार आहे मी त्याच्याकडे."

"तोच मोठा झालाय. ऐका माझं. तोच हा."

आजींनी त्याच्याकडे नीट पाहिले, थोड्या काळजीने.

"पण तुम्हीच तर सांगितलंत, नातंबितं काही नाही म्हणून. सगळ्यांसमोर सांगितलंत."

"मी चुकलो, आजी."

"छे, छे." घाबरलेल्या पेशंटला थोपटावे तसे त्यांनी त्याच्या मनगटावर थोपटले. "तुम्ही नीट चौकशी करून सांगितलंत. तुमचं कामच आहे ते."

 गेल्या बारा वर्षांत नाक्यावर वकिलाने दिलेला निकाल कुणी फिरवला नव्हता. अध्यक्षांनीही नाही.

तो माणूस एका ट्रेमध्ये तीन कप घेऊन आला. येतानाच बोलत आला, की मॅनेजर म्हणतो जुने फोटो आहेत ऑफिसात, चहा झाला की बघू, कदाचित तुझाही असेल त्यात. आजींनी कप घेतला, बाजूला ठेवला, आणि कमरेचा बटवा काढून त्याची दोरी सोडली.

"तुमचे किती झाले?" त्यांनी विचारले.

त्याला आधी समजले नाही. मग त्याने वकिलाकडे पाहिले. वकील फरशीकडे बघत होता.

"सांगा ना," आजी म्हणाल्या. "म्हातारी आहे म्हणून वाढवून सांगू नका. आणि फुकट तर मुळीच नको. इतके दिवस केलंत माझं, मला कळत का नव्हतं? पण तुम्हालाही घरदार असेल."

तो ट्रे धरून उभाच होता. कारंज्याचे पाणी पडत होते आणि आत कुणीतरी खुर्च्या सरकवत होते. आई म्हणून हाक मारायला त्याचे ओठ हलले, असे वकिलाला वाटले. पण आजी त्याच्याकडे इतक्या मोकळ्या, इतक्या निश्चिंत चेहऱ्याने बघत होत्या, की त्याने ते तसेच गिळले. ट्रे खाली ठेवला, हात पॅंटला पुसले, आणि एक आकडा सांगितला. अगदी छोटा, खालच्या नाक्यावर ज्यात चहासुद्धा आला नसता एवढा.

"एवढेच? माणूस सरळ दिसतो," आजी वकिलाला म्हणाल्या, आणि त्यांनी बटव्यातून एक मोठी नोट काढून पुढे केली.

त्याने ती दोन्ही हातांनी घेतली. थोडा वेळ तिच्याकडे बघितले.

"सुट्टे आहेत का?" त्याने वकिलाला विचारले.

वकिलाने दिले. आजींनी ते दोनदा मोजले, बटव्यात ठेवून दोरी ओढली, आणि बाकाच्या मधोमध सरकून दोन्ही ड्रायव्हरना आपल्या दोन बाजूंना बसायला सांगितले.